खाच लागली का?

माझ्या मोटरसायकलचं हँडल दुरुस्त व्हायला एकवीस दिवस लागले. काम दीड तासाचं होतं. पार्ट दुकानात पडलेला होता, मेकॅनिक रिकामा बसलेला होता, मी तर रोजच हजर होतो. उरलेले सगळे दिवस मी नापास होत होतो.

परीक्षा पेणकरपाड्यातल्या एका गॅरेजात व्हायची. गॅरेज म्हणजे शटरचा एक गाळा, वर चार मजले, प्रत्येक मजल्यावरून लोंबणाऱ्या ओल्या चादरी आणि या चादरींच्या खाली स्टुलावर बसलेले साठीचे एक गृहस्थ. मूळचे रत्नागिरीकडचे. अंगाने किरकोळ, आवाज मात्र वर चौथ्या मजल्यापर्यंत जाणारा. तोंडात कायम लवंग. तंबाखू सोडल्यापासून ती धरली होती, आणि लवंग चावत समोरच्याकडे असं बघायचे की आपण काहीतरी विसरून आलोय असंच वाटावं.

मेकॅनिकला आपल्याकडे उस्ताद म्हणतात. यांना कोणी उस्ताद म्हटलं की ते मागे वळून बघायचे, दुसरं कोणी आलंय का ते. त्यांना सगळे मास्तर म्हणत. ही पदवी गिऱ्हाइकांनी वैतागून दिली होती आणि यांनी ती खूश होऊन घेतली होती. एकदा वरच्या मजल्यावर नव्याने राहायला आलेली एक बाई ब्लाउजपीस घेऊन खाली आली. तिला कोणीतरी "नीचे मास्टरजी बैठते हैं" असं सांगितलं होतं. मास्तरांनी ब्लाउजपीस हातातसुद्धा घेतला नाही. विचारलं, "नाप मालूम है आपको?" ती म्हणाली, "वो तो आप लोगे ना!" मास्तर म्हणाले, "पहले खुद नापके आओ." बाई परत आली नाही. माप घेऊन आली असती तर मास्तरांनी ब्लाउज शिवून दिला असता याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

शटरवर एक पुठ्ठा लटकवलेला होता. त्यावर जाड मार्करने लिहिलं होतं, 'घाई असल्यास पुढे दोन गॅरेज आहेत.' खाली तेच हिंदीत. गिऱ्हाईक टिकवण्याची ही पद्धत मी दुसरीकडे कुठे पाहिली नाही.

मी रक्त गोळा करतो. ऐकायला भयंकर वाटतं, पण नोकरीच तशी आहे. एका लॅबसाठी सकाळी लोकांच्या घरी जाऊन उपाशीपोटीचं रक्त घ्यायचं, नळ्या थंड डब्यात ठेवायच्या आणि डबा गाडीला बांधून लॅबवर पोचवायचा. मीरा रोडच्या टॉवरमधून निघायचं, राई, मुर्धा करत उत्तन, डोंगरीपर्यंत जायचं. आपल्याकडे रस्त्याचं काम बारा महिने चालू असतं, त्यामुळे रस्ता असा कधी नसतो. तर त्या सुमारास लॅबवाले मला फोन करून सांगायला लागले, "नमुना हलून खराब झालाय, पेशी फुटल्यात, परत घेऊन या." परत जायचं म्हणजे त्याच माणसाला पुन्हा उपाशी ठेवायचं आणि पुन्हा टोचायचं. उत्तनच्या एका आजींनी मला "तुजं रगत काड आता, माजं संपलं" म्हणून दारातून परत पाठवलं होतं.

दोष गाडीचा होता. पुढचा ब्रेक दाबला की हँडलच्या खालून 'खट्' असा आवाज यायचा. सावकाश चालवताना गाडी स्वतःच्या मताने डावी-उजवी करायची. आधी मी शहाण्यासारखा घाईवाल्यांच्या गॅरेजात गेलो. त्यांनी दहा मिनिटांत नट आवळून दिला. 'खट्' गेलं आणि हँडल असं जड झालं की गाडी वळवायची म्हणजे आधी तिची समजूत काढायला लागायची. चार दिवसांनी 'खट्' परत आलं. तेव्हा कोणीतरी मास्तरांचं नाव सांगितलं. सांगणाऱ्याने बाकी काही सांगितलं नाही. तोही नापास झालेला असावा.

मास्तर सगळीच कामं करत, पण हँडल हा त्यांचा खास विषय. हँडल ज्या दांड्यावर फिरतं त्याच्या वर आणि खाली लोखंडी वाट्या असतात, वाट्यांत छर्रे असतात, छर्ऱ्यांना ग्रीस असतं. या सगळ्या संसाराला कोनसेट म्हणतात. गाडी बहुतेक वेळ सरळ जाते. म्हणून खड्ड्यांचे सगळे दणके त्या वाटीत एकाच जागी बसतात आणि तिथे छर्ऱ्यांच्या बारीक खाचा पडतात. मग हँडल सरळ आलं की छर्रे त्या खाचांत जाऊन बसतात, आणि तिथून हलायला कुरकुर करतात.

"सरळ चालणाऱ्याचं असंच होतं," मास्तर म्हणत. "मधेच झिजतो." हे म्हणताना ते स्वतःच्या छातीकडे बोट करत. मला विचाराल तर ते स्वतः एक वाक्यही कधी सरळ बोलले नाहीत.

परीक्षा अशी. गाडी मधल्या स्टँडवर लावायची. मग मास्तर स्वतः मागच्या कॅरियरवर चढून बसत, म्हणजे त्यांच्या वजनाने पुढचं चाक हवेत येई. गिऱ्हाइकाने पुढे उभं राहून हँडल दोन बोटांनी धरायचं, डोळे मिटायचे आणि हळूहळू डावीकडून उजवीकडे न्यायचं. मध्यावर आल्यावर हँडल किंचित बसतं, खड्ड्यात पाय पडल्यासारखं. ते बोटांना लागलं पाहिजे.

"मूठ नको. मुठीला फक्त मुठीचं कळतं. दोन बोटं." मास्तर कॅरियरवरून सूचना देत. मग विचारत, "खाच लागली का?"

"नाही."

"मग काय दुरुस्त करू?"

"अहो मास्तर, तुम्हीच म्हणालात ना, कोनसेट गेलाय म्हणून."

"मी म्हणालो म्हणून तू मानणार? उद्या इंजिन गेलंय म्हणालो तर?"

"मग ते पण बदलेन."

"म्हणजे तू गाढव आहेस," असं म्हणून ते कॅरियरवरून उतरत आणि माझी गाडी न उघडता मला परत देत. "लागली की ये."

यामागे तत्त्व होतं. तत्त्व होतं म्हणूनच इतका त्रास होता. मास्तर आधी एका मोठ्या वर्कशॉपात होते. तिथे म्हणे चांगले कोनसेट काढून नवे घालायचे. गाडीचा मालक काउंटरवर उभा राहून मान हलवायचा, कारण त्याला काही कळायचंच नाही, आणि कागदावर सही मास्तरांची असायची. एक दिवस त्यांनी नोकरी सोडली आणि ठरवलं, की गाडीवाल्याला स्वतःच्या हाताला दोष लागल्याशिवाय पाना उचलायचा नाही. उत्तम विचार आहे. उत्तम विचाराच्या माणसाकडे आपली गाडी अडकू नये, एवढंच.

जेवण पोचवणारी मुलं यायची, हेल्मेट डोक्यावरच, मोबाईलमध्ये घड्याळ धावतंय. "उस्ताद, जल्दी देख लो ना." मास्तर मागे वळून बघायचे. मग म्हणायचे, "मेरे को मत पूछो. हात को पूछो. हात बोलेगा तो मैं करेगा." एक जण म्हणाला, "हात क्या बोलेगा, चाचा? ऑर्डर ठंडा हो रहा है." मास्तरांनी पुठ्ठ्याकडे बोट दाखवलं. गेला बिचारा पुढच्या गॅरेजात नट आवळून घ्यायला.

काही लोक खोटं बोलून पास व्हायला बघायचे. शेजारच्या सोसायटीचे सेक्रेटरी एकदा कडक इस्त्रीच्या शर्टात आले, हँडल फिरवलं न फिरवलं आणि म्हणाले, "हो हो, लागली, लागली."

"कुठे?" मास्तरांनी विचारलं.

सेक्रेटरींनी क्षणभर विचार केला. "इथे... जरा डावीकडे."

मास्तर इतक्या आनंदाने हसले की लवंग बाहेर पडली. "डावीकडे? साहेब, तुम्ही रोज गोल गोल फिरता का?" त्या दिवसापासून सेक्रेटरी गॅरेजच्या समोरून जायचे ते रस्ता ओलांडून.

मास्तरांचा नियम फक्त दुसऱ्यांसाठी होता असं कोणी म्हणू नये. त्यांची शुगर तपासायला मी त्यांच्या घरी गेलो होतो. दंडाला पट्टा बांधला, कोपरात शीर चाचपायला लागलो, तर म्हणाले, "थांब. आधी मला लागू दे." दहा मिनिटं उपाशीपोटी स्वतःच्या कोपरात स्वतःची शीर शोधत बसले. काकू स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाल्या, "अहो, त्याला अजून चार घरं जायचंय." मास्तर डोळे मिटून म्हणाले, "चहात साखर आहे का हे तू सांगितलंस तरी मी चाखूनच बघतो ना? तसंच हे." काकू म्हणाल्या, "चाखता आणि वरून अजून घालता. म्हणून तर हा आलाय." शेवटी शीर सापडली. "ही बघ, दोरीसारखी लागते," असं मला दाखवलं, जणू मला या धंद्यात आजच घेतलंय. मग म्हणाले, "आता टोच."

मला हसू आलं, पण त्याच दिवशी मला ते आवडायला लागले हेही खरं आहे. आपला नियम स्वतःलाही लावणारा माणूस मी तोवर फारसा पाहिलेला नव्हता. वर ते मला टोमणा मारायचे, "लोकांची शीर डोळे मिटून शोधतोस आणि एवढी मोठी खाच सापडत नाही?" हा टोमणा मात्र जिव्हारी लागला होता.

एकविसाव्या दिवशी मी डोंगरीत होतो. दोन्हीकडे घरं, मध्ये एक बैलगाडी जाईल एवढीच गल्ली, आणि समोर कोंबड्या. मी अगदी पायी चालण्याच्या वेगाने चाललो होतो, आणि हँडल मध्यावर आलं की तिथेच राहायला बघतंय हे मला एकदम कळलं. कोंबडीसाठी वळवायला गेलो तर आधी थोडं अडलं आणि मग सटकन सुटलं. मी गाडी थांबवली. डोळे मिटून दोन बोटांनी फिरवली. लागली! मी तिथल्या तिथे ओरडलो असेन, कारण ओट्यावरची एक बाई "काय झालं रे बाला?" म्हणत उठून आली. तिला काय सांगणार? एकवीस दिवसांनी मी पास झालो होतो.

मास्तरांनी पेढे वाटायचेच बाकी ठेवले. दीड तासात त्यांनी पुढचं चाक काढलं, हेडलाइट मोकळा करून बाजूला टांगला, हँडल वायरींसकट मागे झोपवलं आणि वरचा नट सोडला. छर्रे एका थाळीत मोजून घेतले. जुन्या वाट्या आतून लांब सळईने ठोकून बाहेर काढल्या, एकदा या बाजूला, एकदा त्या बाजूला, म्हणजे तिरक्या अडकू नयेत. नव्या वाट्या लाकडाचा ठोकळा ठेवून बसवल्या. ग्रीस इतकं की छर्रे त्यात आपोआप चिकटून राहिले. मग नट अशा बेताने आवळला की हँडलला ढिलाई नाही आणि जडपणाही नाही. चाक हवेत असताना हँडलला मध्यापासून नुसती टिचकी मारली, तर ते आपल्या वजनाने अलगद बाजूला गेलं. "हे बघ," ते म्हणाले. "आता तुझी गाडी तुझं ऐकेल. तुझं कोण ऐकतं एरवी?" त्यानंतर लॅबवाल्यांचा फोन आला नाही.

पास झालेल्या माणसाला परीक्षा फार आवडायला लागते. मी राउंड संपला की मास्तरांकडे जाऊन बसायला लागलो आणि दुसऱ्यांचं नापास होणं बघायला लागलो.

तिथेच मुर्ध्याचा एक माणूस आला. पन्नाशीचा, काळा, रुंद खांद्यांचा. खाडीत त्याची छोटी होडी होती. त्याची बायको भाईंदरच्या बाजारात मासे विकायला बसायची आणि हा तिला टोपल्यांसकट सकाळी गाडीवरून सोडायचा. कॅरियरला दोरी गुंडाळलेली होती आणि गाडीला बर्फाचा, मासळीचा वास होता. त्यांच्या बोलीत सगळ्यांनाच 'तू' म्हणतात, तसं तो म्हणाला, "मास्तर, हँडल खटखट करतंय. बग ना जरा."

मास्तर कॅरियरवर चढले. त्याने हँडल दोन्ही मुठींत धरलं.

"मूठ नको, दादा. दोन बोटं."

त्याने दोन बोटं लावली. डोळे मिटले. फिरवलं. पुन्हा फिरवलं. "न्हाय बा. मना काय न्हाय लागत."

"मग गाडी चांगली आहे. जा."

"खटखट करतंय ना पन?"

"ते तुमच्या कानाला लागतंय. हाताला कुठे लागतंय?"

मी हसलो. चांगला मोठ्याने हसलो. तो माणूसही थोडा हसला, कारण दोन माणसं हसत असताना तिसऱ्याने काय करायचं असतं? तो दुसऱ्या आठवड्यात परत आला, तेव्हाही नाही लागली. तिसऱ्या वेळी म्हणाला, "बाजार हाय, बायको खोलंबलीय, तूच कर ना काय ता." मास्तर म्हणाले, "मग सावकाश या, घाई नसेल तेव्हा." आणि मी, जुना विद्यार्थी म्हणून, त्याला सल्ला दिला, "काका, मन लावून बघा. मलाही आधी लागत नव्हती." तो गाडी ढकलत उतरणीवर घेऊन गेला. त्यानंतर तो आला नाही.

दीड महिन्याने मला सकाळच्या यादीत मुर्ध्याचा पत्ता आला. हाडाचं ऑपरेशन झालंय, जखम लवकर भरत नाहीये, शुगर तपासायची आहे. दार उघडलं तर तोच. उजवा हात मनगटापासून कोपरापर्यंत पांढऱ्या पट्ट्यांत, आत हाडाला धातूची पट्टी आणि स्क्रू घातलेले.

बायको सांगत होती. राईकडून येताना रस्त्यावर कोणाच्या तरी बांधकामाची खडी सांडलेली होती. तो एकटाच होता, ती बाजारातच होती म्हणून वाचली. खडी चुकवायला त्याने हँडल वळवलं.

"उजवीकरं वलवलं," तो म्हणाला, "तं ता मधेच बसलं. हललंच न्हाय. मंग एकदम सुटलं."

मग तो दुभाजकावर गेला होता. हात पुढे टेकला, आणि मनगटाचे तुकडे झाले. डॉक्टर म्हणाले होते, मूठ पूर्ण वळेल की नाही ते आताच सांगता येत नाही. होडीची दोरी मुठीने ओढायची असते. मोटरसायकलचा ॲक्सिलेटरही मुठीनेच पिळायचा असतो. बायको आता पहाटे टोपल्या घेऊन रिक्षा शोधत उभी राहते, आणि मासळीचा वास म्हणून तीन रिक्षा सोडून चौथी मिळते.

मी त्याच्या डाव्या हाताला पट्टा बांधला आणि सवयीने म्हटलं, "मूठ आवळा." त्याने आवळली. मग सोडा म्हटलं, तेव्हा तो तळहात माझ्या हातात उघडा पडला. मी रोज दहा-बारा हात हातात घेतो. असा हात मी घेतला नव्हता. बोटांच्या पेरांवर, तळव्यावर, अंगठ्याच्या कडेला सगळीकडे घट्टे, वहाणेच्या तळासारखे. मी बोटाने दाबलं तर त्याला कळलंही नाही.

"दोरीनं झायलंय," तो म्हणाला. "नि बर्फानं."

या हाताला आम्ही खाच शोधायला लावली होती. तीन वेळा.

त्याने मला ओळखलं होतं. मी सुई काढून कापूस लावला तेव्हा म्हणाला, "तू त्या मास्तराकरं बसतंस ना?"

"हो."

"मना शेवटपर्यंत न्हाय लागली बग ती खाच." राग नव्हता त्याच्या आवाजात. आपणच कुठेतरी कमी पडलो असं त्याला वाटत होतं. मला तेव्हा इतकी लाज वाटली की नळीवर त्याचं नाव लिहिताना मी दोनदा चुकलो.

नळ्या लॅबवर टाकून मी थेट पेणकरपाड्याला गेलो आणि मास्तरांना सगळं सांगितलं. मास्तर आधी भांडले.

"मी कोणाला बांधून ठेवलं होतं का? बोर्ड लावलाय. दुसरीकडे जायचं होतं."

"दुसरीकडे नट आवळून देतात. त्याने काय होतं ते तुम्हीच शिकवलंत."

"त्याला लागली असती तर मी त्याच क्षणी केलं असतं. नियम तो नियम."

"मास्तर, मी कोणाच्या हातात सुई देऊन तुझी शीर तूच शोध असं म्हणत नाही."

"मी माझी शोधली होती!"

"तुमचा हात मऊ आहे," मी म्हटलं. "चाळीस वर्षं ग्रीसमध्ये मुरलेला हात तुमचा. त्या माणसाच्या तळहाताला सुई टोचली तरी कळणार नाही. त्याला खाच कशी लागणार?"

मास्तरांनी स्वतःच्या हाताकडे बघितलं. पालथा केला, उताणा केला, अंगठ्याने बोटांची टोकं चोळून बघितली. बराच वेळ ते तेच करत होते. मग स्टुलावरून उठले, फळीवरून एक कोनसेट काढला, पाने आणि सळई पिशवीत भरली, आणि सकाळी अकरा वाजता शटर खाली ओढलं. गाडी दुरुस्त करायला मास्तर गॅरेजबाहेर गेलेले कोणी पाहिले नव्हते. "चल," म्हणाले आणि माझ्या मागे बसले. मुर्धा येईपर्यंत एकदाच बोलले, "ब्रेक उशिरा दाबतोस."

अंगणात जाळ्यांच्या ढिगाला टेकवून त्याची गाडी उभी होती. पुढचा मडगार्ड चेपलेला, एक आरसा गेलेला. तो माणूस दारातल्या बाकावर बसला होता. मास्तरांनी त्याला नमस्कार केला. मला मागे कॅरियरवर बसायला सांगितलं. दोन बोटं लावून एकदाच हँडल फिरवलं, आणि लगेच सोडलं. खाच इतकी खोल होती की मागे बसलेल्या मला ती कॅरियरमधून कळली.

दीड तास मास्तर उन्हात काम करत होते. वाट्या काढल्या, फडक्याने पुसल्या आणि जुनी खालची वाटी उजेडात धरली. कडेने खाचांची रांग स्पष्ट दिसत होती. ती त्यांनी त्या माणसाला दाखवायला पुढे केली, मग काय वाटलं कोण जाणे, हात मागे घेऊन पिशवीत टाकली. नव्या वाट्या बसवल्या, ग्रीस भरलं, नट बेताने आवळला. टिचकी मारली. हँडल अलगद बाजूला गेलं.

आणि मग, सगळी सवय जिभेवर असते तशी, ते वळून त्याला म्हणाले, "बघा दादा, आता लागतंय का काही?"

तो माणूस बाकावरून उठला नाही. म्हणाला, "मना कललं असतं तं तुज्याकरं कशाला आलो असतो?"

मास्तर फडक्याने हात पुसत होते. हात स्वच्छ झाले तरी पुसत होते.

"नि गाडी इकायला काडलीय," तो म्हणाला. "नीट केलंस ता बरं झायलं. घेनारा तरी पडायचा न्हाय."

मास्तर त्याच्यासमोर जाऊन उभे राहिले. आयुष्यात कोणापुढे कधी नमतं न घेतलेला माणूस, त्यांना ते वाक्य जुळवायला वेळ लागला. "चुकलं माझं," ते म्हणाले. "तुम्ही पहिल्यांदा आलात त्याच दिवशी करून द्यायला पाहिजे होतं."

आपल्याकडे अशा वेळी माणसं "जाऊ द्या हो" म्हणतात. मी त्याचीच वाट बघत होतो, मास्तरही बघत असावेत. त्या माणसाने थोडा विचार केला.

"हां," तो म्हणाला. "पायजे व्हतं."

मग त्याने बायकोला चहा टाकायला सांगितला. मास्तर तिथेच पायरीवर बसले. चहा आला, तो डाव्या हाताने कप धरून प्यायला लागला, थोडा त्याच्या शर्टावर सांडला, आणि बायकोने पदराने पुसला. मास्तर खाली बघत चहा पीत होते. त्यांनी निदान तोंडाने कबूल केलं होतं. मी त्या दिवशी मोठ्याने हसलो होतो, वर मन लावून बघा असं त्या हातांना शिकवलं होतं, आणि हे सांगायची वेळ आता होती. चहा संपेपर्यंत मी ती जाऊ दिली. मग उठलो आणि म्हणालो, "काका, पुढचं रक्त सोमवारी. रात्री जेवल्यावर काही खाऊ नका."

"बरं," तो म्हणाला.